बत्तीस कंबर

१ मार्च, रविवार

पँट बसली.

लग्नाला आज सत्तावीस वर्षं झाली. दरवर्षीप्रमाणे सकाळी आंघोळ करून मी लग्नातली तपकिरी पँट चढवली. बटण लागलं, श्वाससुद्धा रोखावा लागला नाही. आतल्या बाजूला कापडाच्या पट्टीवर सासऱ्यांनी लाल दोऱ्याने भरलेला आकडा तसाच आहे: ३२. सासरे शिंपी होते, पँट त्यांनीच शिवली. जावयाचं माप त्यांनी एकदाच घेतलं आणि त्यानंतर ते घ्यायची वेळ कोणावर आली नाही. कापड तर असं की जणू काल दुकानातून आणलंय. रंग जरासुद्धा उतरलेला नाही. आता असलं कापड मिळत नाही म्हणतात.

बायकोने वडिलांचाच धंदा घरातल्या पुढच्या खोलीत चालवला आहे. माझे सगळे कपडे तीच शिवते आणि माझ्या प्रत्येक पँटीवर ३२ हाच आकडा आहे. ही लग्नाची पँट ती दोन दिवस आधी हवा द्यायला म्हणून काढते. परवा दुपारी तर मायलेकी शिलाईच्या खोलीत दार लावून बसल्या होत्या आणि मशीन घडघडत होतं. मला वाटलं, माझ्यासाठी काहीतरी शिवणं चाललंय. पण शेवटी भेट म्हणून ही डायरी मिळाली. ठीक आहे, लिहितो.

संध्याकाळी मेव्हणा केक घेऊन आला. मेव्हण्याची बेकरी आहे आणि वजन एकशे आठ किलो. या दोन गोष्टींचा संबंध त्याला सोडून सगळ्यांना दिसतो. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि पँटीच्या कमरेत दोन बोटं घालून दाखवली. त्याने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने केककडे पाहिलं. मग मी त्याला इच्छाशक्तीविषयी थोडक्यात, म्हणजे पाऊण तास, समजावून सांगितलं. तो मध्येच म्हणाला, भाऊजी, हा तुमचा चौथा तुकडा. दुसऱ्याच्या ताटातलं मोजायची ही सवय मला आवडत नाही. ज्याची कंबर ताब्यात आहे त्याने चार खाल्ले काय नि सहा खाल्ले काय.

चिमणी टेबलावर आली नाही. चिमणी म्हणजे आमची मुलगी. वय चोवीस, वजन जाऊ दे. लहानपणी पडलेलं नाव आहे, तेव्हा शोभत होतं. गेल्या जुलैमध्ये मी तिच्याच भल्यासाठी फ्रिजच्या दारावर उंची आणि वजनाचा तक्ता चिकटवला आणि तिच्या चौकोनाला लाल पेनाने गोल केला. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढून घेते आणि खोलीत जाते. काही सांगायचंच असलं तर चिठ्ठी लिहून फ्रिजला लावते, तीही तक्त्यावर. आठ महिने झाले. बापाने खरं बोलायचंच नाही की काय? मला काही फरक पडत नाही. फक्त समोरची खुर्ची रिकामी असली की जेवताना बघायचं कुठे, एवढाच प्रश्न पडतो.

४ मार्च, बुधवार

मी सरकारी भूमापक. लोकांच्या जमिनी मोजतो आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणं अंगावर घेतो. आजची मोजणी ऐकण्यासारखी आहे. एका गृहस्थाच्या शेजाऱ्याने कुंपण दरवर्षी वीतभर अलीकडे सरकवलं. वीस वर्षांत चांगली खोलीभर जागा गेली आणि गृहस्थांना पत्ता नाही. म्हणतात, रोज बघतच होतो की साहेब, पण तसं काही वाटलं नाही. शिवाय नकाशावर बरोबर होतं.

मी त्यांना विचारलं, डोळे आहेत की बटणं? नकाशावर काय, काहीही असतं. तीस वर्षं मी ऑफिसातल्या नवख्यांना हेच शिकवत आलोय: कागदावर विसंबू नका, जागेवर जा, फीता लावा. मनुष्य इतका आंधळा कसा असू शकतो हे मला कळत नाही.

घरी येताना बसमध्ये बसलो. बसच्या सीटा दिवसेंदिवस अरुंद करत चालले आहेत. तक्रार करायला हवी.

९ मार्च, सोमवार

फ्रिजवर चिठ्ठी: "बाबा, मी बोलत नाहीये. पण तुमची थुंकी हवी आहे."

चिमणी एका संशोधन केंद्रात प्रयोगशाळेचं काम करते. वजन वाढण्यात जनुकांचा किती हात असतो ते तिथे तपासतात. जनुक म्हणजे आईबापाकडून येणारा जन्माचा कागद, असं बायकोने मला तिच्याकडून समजून घेऊन समजावलं. आता त्यांना संपूर्ण कुटुंबं हवी आहेत. आई, बाप, मूल, जमल्यास मामा.

मी ताबडतोब होकार दिला. चिमणीचा बांधा कुठून आला हा प्रश्न या घरात सत्तावीस वर्षं, म्हणजे चोवीस वर्षं, लटकतोय. आमच्या बाजूला सगळे काटक. माझे वडील जरा भरलेले होते, पण ती हाडं. मामाकडे बघितलं की वेगळा पुरावा लागत नाही.

मेव्हण्याला फोन करून सांगितलं की आता दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ दे. तो म्हणाला होऊ दे, पण नुसतं नको. ज्याच्या बाजूचं निघेल त्याने मिशी उतरवायची. त्याची मिशी बेकरीच्या पाटीवरसुद्धा रंगवलेली आहे. बिचारा. मी लगेच मान्य केलं. माझी मिशी तीस वर्षांची आहे, तिला काय धोका?

बायको म्हणाली, अहो, कशाला हात दाखवून अवलक्षण? ती भावाच्या बाजूने बोलणारच.

१४ मार्च, शनिवार

केंद्रावर चौघे गेलो. थुंकायच्या आधी अर्धा तास खायचं नाही, प्यायचं नाही. एवढा लांबलचक अर्धा तास मी आयुष्यात पाहिला नाही. त्यात मेव्हण्याच्या अंगाला बेकरीचा वास. शेवटी हातात एक नळी आली. रेघेपर्यंत भरा म्हणाले. तोंडाला पाणी सुटलेलंच होतं, मी सगळ्यांत आधी भरली.

फॉर्म चिमणीने भरला. मी भिंतीकडे बघून सांगत होतो, ती कागदाकडे बघून लिहीत होती. कंबर? बत्तीस. केव्हापासून? लग्नापासून. तिचं पेन थांबलं. तिने आईकडे पाहिलं. आईने पर्स उघडली आणि बंद केली. मग चिमणीने लिहिलं.

वजनकाटा आज दुरुस्तीला गेलेला होता. मला दुःख नाही, काट्यांवर माझा विश्वासच नाही. माझी हाडं जड आहेत. माझा काटा म्हणजे माझी पँट.

२९ मार्च, रविवार

कमरेचा पट्टा पुन्हा आखूड झाला. चामडं आटतं. पाच वर्षांत हा तिसरा. बायकोला म्हटलं, हल्ली चामडंसुद्धा प्रामाणिक राहिलं नाही. ती नवीन पट्टा घेऊन आली.

११ एप्रिल, शनिवार

लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

केंद्रातल्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगायला बोलावलं. फार शांत बाई आहेत. त्यांनी सांगितलं की ज्या जनुकाकडे त्या बघताहेत त्याचा एक प्रकार अगदी सर्रास आढळतो, रस्त्यावरच्या कितीतरी माणसांत असतो. प्रत्येकाला आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती मिळतात. ज्यांच्या दोन्ही प्रती या प्रकारच्या असतात त्यांचं वजन इतरांपेक्षा सरासरी तीनेक किलो जास्त भरतं. मी विचारलं, म्हणजे हावरटपणाचं जनुक? त्या म्हणाल्या, तसं नाही. अशा माणसांना पोट भरल्याची बातमी जरा उशिरा पोचते, असं दिसतं. ताट संपतं, बातमी वाटेतच असते, म्हणून माणूस पुन्हा वाढून घेतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि नशिबावर शिक्काही नाही. चालणं-फिरणं ठेवलं तर परिणाम कमीच होतो.

मग कागद उघडले. बायको: एकही प्रत नाही. मेव्हणा: एकही प्रत नाही. एकशे आठ किलोच्या माणसात एकही नाही! मी म्हटलं, नळ्या बदलल्या असतील. बाई म्हणाल्या, जनुक नसूनही वजन वाढतं, त्याला शंभर कारणं असतात. मेव्हणा म्हणाला, माझं कारण लोणी.

मी: दोन प्रती. चिमणी: एक. म्हणजे ती प्रत माझ्याकडूनच आलेली, दुसरीकडून यायला जागाच नाही.

परतताना मेव्हण्याने रिक्षात मला विचारलं की वस्तरा घरी आहे की आणून देऊ. 

१२ एप्रिल, रविवार

सकाळी चहा पिताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी हरलो कुठे? उलट!

दोन प्रती असून कंबर बत्तीस. सत्तावीस वर्षं. म्हणजे जन्मतःच माझ्या कानात सैतान ओरडतोय खा, खा, आणि मी त्याला दाद दिलेली नाही. मेव्हण्याला फोन केला. जनुक माझं असेल, पण त्याला चीत करणारा पैलवानही मीच, तेव्हा मिशी राहणार.  तो म्हणाला, भाऊजी, धन्य आहात.

ही गोष्ट चिमणीला प्रेरणादायक वाटेल म्हणून मी तिच्या बंद दारापाशी गेलो आणि मोठ्याने सांगितलं की बघ, माझ्या दोन आणि तुझी एकच. मला दुप्पट त्रास असून मी असा, तर तुला सबब कसली?

 बायको शिलाईच्या खोलीतून बाहेर आली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही आज बोलू नका. कोणाशीच." एवढं बोलून आत गेली. सत्तावीस वर्षांत ती माझ्याशी अशी बोललेली नाही. काय झालं कोणास ठाऊक.

१५ एप्रिल, बुधवार

चिठ्ठी आईच्या नावाने होती, पण फ्रिज सगळ्यांचा आहे. चिमणीने दुसऱ्या शहरातल्या केंद्रात बदली मागितली होती, ती मिळाली. एक तारखेला जाणार. तिथे राहायला खोली आहे.

मला काही फरक पडत नाही, असं वर एकदा लिहिलं आहे. ते खोडत नाही, पण आज पुन्हा लिहीतही नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

उपाय सापडला. डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. दोन प्रती असूनही बारीक राहिलेली माणसं त्यांना हवी आहेत, त्यांची नीट मोजमापं घ्यायची आहेत. माझा फॉर्म बघून त्यांना फार उत्सुकता वाटली. सोमवारी या म्हणाल्या.

चिमणी तिथेच काम करते. डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोर बापाचं कौतुक केलं की तिला कळेल, हा माणूस बोलतो ते करून दाखवलेलं बोलतो. मग ती जाणार नाही. निदान टेबलावर बसून जेवेल आणि मग जाईल. पुरावा म्हणून लग्नाची पँटच घालून जाणार आहे.

बायकोला सांगितलं तर म्हणाली पँट धुवायला दिली आहे. कुठे? आठवत नाही. तिला गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचं दहा वर्षांपूर्वीचं माप आठवतं. मी कपाट उघडलं तर पँट समोरच. शेजारी त्याच तपकिरी कापडाचा गुंडाळा होता, तिच्या वडिलांच्या दुकानातला. लग्नानंतर सामानात आलेला, तेव्हा पुरुषभर होता, आता जेमतेम हातभर उरलाय. कशाला वापरते देव जाणे. मी विचारलं नाही, बायकांच्या शिलाईत मी लक्ष घालत नाही.

२० एप्रिल, सोमवार

नीट, क्रमाने लिहितो.

केंद्रावर नर्सने मला उभं केलं आणि कमरेला टेप लावली. म्हणाली, साडेएकेचाळीस. मी म्हटलं, सेंटिमीटर? ती म्हणाली, साडेएकेचाळीस सेंटिमीटर तर काका, माझ्या मांडीचं माप आहे. मी तिला सांगितलं की कापडी टेपा ताणल्या जातात, ऑफिसातल्या नवख्यांना मी पहिल्याच दिवशी हे शिकवतो. माझ्या बॅगेत पोलादी फीता होता, सरकारी शिक्क्याचा. गेली तीस वर्षं त्याने कोणाचीही भीड ठेवलेली नाही. तो लावला.

साडेएकेचाळीस.

मी पँटीची कमर उलटून आकडा दाखवला. हे काय लिहिलंय, वाचा. नर्सने वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, पँटीकडे पाहिलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या आणि दुरुस्त झालेला काटाही आला. त्र्याण्णव. हाडांचा मुद्दा मी मांडला, पण माझ्याच कानाला तो पोकळ वाटला.

बाईंच्या हातात माझा फॉर्म होता. त्या काही विचारणार इतक्यात चिमणी तिच्या टेबलावरून उठून आली. म्हणाली, "मॅडम, चूक माझी आहे. त्या दिवशी मी माप घ्यायला हवं होतं, नुसतं ऐकून लिहिलं. तो फॉर्म रद्द करा, मी नवीन भरते." आणि तिने भरला. माझ्यासमोर बसून, मान खाली घालून, साडेएकेचाळीस लिहिलं. नऊ महिन्यांत ती माझ्या इतक्या जवळ बसली नव्हती.

घोळ तिने घातला हे खरं. जागेवर न जाता कागद भरला. मी तिला बोलणार होतो, पण का कोण जाणे बोललो नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

ऑफिसला सुट्टी टाकली. पँटीची मोजणी केली.

टेबलावर पसरून पोलादी फीत्याने मोजली. कमर बेचाळीस. लेबल बत्तीस. नकाशा एक आणि जागा दुसरी. मग अतिक्रमण कुठून झालं ते पाहण्यासाठी भिंग आणलं. पट्टीच्या कडेला जुन्या टाक्यांची भोकं आहेत, तीन ओळी. म्हणजे पट्टी तीनदा उसवून तीनदा नव्या जागी लावली आहे. आणि मागच्या शिवणीत एकही धागा सत्तावीस वर्षांचा नाही.

बायकोला हाक मारली. ती आली, टेबलावरचा पंचनामा पाहिला आणि खुर्ची ओढून बसली. म्हणाली, बरं झालं, आता कापडही संपत आलं होतं.

पहिली पाच वर्षं तिने नुसती शिलाई सोडली. नंतर शिवणीत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड संपलं तेव्हा मागे पाचर, म्हणजे तिकोनी तुकडा, घातली. मग पाचरही पुरेना, तेव्हा त्या गुंडाळ्यातून पूर्ण नवी पँट बेतली. आज माझ्यासमोर आहे ती चौथी. सासऱ्यांच्या हातचं यात फक्त बटण आणि ती पट्टी. बाकीच्या पँटी तर ती सरळ मापानेच शिवते आणि वर बत्तीस लिहिते. पट्टासुद्धा आटलेला नव्हता. म्हणजे आटला नव्हता, मी...

मी विचारलं, का पण? ती म्हणाली, "लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बटण लागेना तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता. माझ्याने बघवेना. एक इंच सोडली, तुम्ही जेवलात. नंतर थांबायचं कुठे तेच कळलं नाही."

वीतभर, वीतभर. मला ते कुंपणवाले गृहस्थ आठवले. त्यांच्या डोळ्यांना मी बटणं म्हणालो होतो. माझ्याकडे तर बटणच तेवढं अस्सल निघालं.

संतापावं की नाही ते ठरेना, म्हणून जेवून घेतलं.

२२ एप्रिल, बुधवार

काल लिहायचं राहिलं, की लिहवलं नाही. मी बायकोला आणखी एक विचारलं होतं. इतकं बारीक उसवणं तुझ्या डोळ्यांना कसं जमतं, तुला तर सुई ओवता येत नाही. तिने भिंग उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, लेबलाचं काम चिमणी करते.

आज संध्याकाळी चिमणी आली तेव्हा मी दाराबाहेर उभा राहिलो. दार ठोठावलं. जुलैनंतर पहिल्यांदाच ते उघडलं.

"तुला माहीत होतं?"

"चौदा वर्षांची होते तेव्हापासून. आईला लाल दोरा दिसायचा नाही."

"आणि मी एवढं बोलायचो तेव्हा, तो तक्ता लावला तेव्हा, तू एका शब्दात माझं तोंड बंद करू शकली असतीस."

"हो."

"मग?"

ती म्हणाली, "आईने सांगितलं होतं, बाबांना वाईट वाटेल."

 मग विचारू नये ते विचारलं. या वर्षीही? फेब्रुवारीत? माझ्याशी बोलत नव्हतीस तेव्हाही?

"या वर्षीही," ती म्हणाली. "साडेतीन तास लागले. पट्टी फार जुनी झालीय बाबा, फाटेल म्हणून जपून उसवावी लागते."

 खोलीत आलो आणि रडलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. तिच्या मनाला लागेल याचा मी एकदाही विचार केला नाही, आणि ती माझी अब्रू टाक्याटाक्याने शिवत बसली होती.

२५ एप्रिल, शनिवार

तक्ता काढला. गोंद पक्का होता, फ्रिजचा रंगही थोडा निघाला. त्या जागी मी चिठ्ठी लावली. चार वेळा लिहिली, चारही वेळा त्यात इच्छाशक्ती हा शब्द आला. पाचव्यांदा एवढंच लिहिलं: "चिमणे, मी चुकलो. मोजल्याशिवाय बोललो. जेवायला टेबलावर येशील का? बाबा."

मग न्हाणीघरात जाऊन मिशी उतरवली. शब्द तो शब्द. आरशात माझे वडील दिसले. तीच हाडं, म्हणजे तीच हाडं नव्हेत.

मेव्हणा बघायला आला आणि बेकरीतल्या कारागिरांनाही घेऊन आला. हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे भाऊजींच्या दारावर लावा, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. मी मान्य केलं. पाऊण तास त्याचं ऐकून घेतलं, तेवढं माझं त्याला देणं होतंच. मग त्याने मला मिठी मारली. एकशे आठ आणि त्र्याण्णव, हात एकमेकांच्या पाठीपर्यंत पोचले नाहीत.

चिठ्ठीला उत्तर नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

उत्तर नाही. आज ऑफिसातून चालत आलो. बस चुकली म्हणून, पण पूर्ण चालत आलो.

बायकोने माझं माप घेतलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर. खडूने लिहिताना ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, लिही जे असेल ते. ती म्हणाली, पोट आत घेऊ नका. मी म्हटलं, आत घेतलेलंच आहे.

३० एप्रिल, गुरुवार

चिमणी उद्या सकाळी जाणार. बॅगा दारात होत्या. बायकोने जेवायला वाढलं, दोन ताटं टेबलावर. मी पहिला घास घेतला आणि मान वर केली नाही, कारण वर काही नसणार हे माहीत होतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

ती ताट घेऊन समोर बसली. माझ्या मिशीच्या जागेकडे तिने पाहिलं आणि तिला हसू आवरेना, भात नाकात गेला. खोकताखोकता म्हणाली, बाबा, तुम्ही सोललेल्या बटाट्यासारखे दिसता. मी म्हटलं, दोन प्रतींचा बटाटा आहे, जपून बोल. बायको पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आली नाही.

तिने माझ्यासमोर एक पुडी ठेवली. त्यात ती जुनी पट्टी होती. बत्तीसचा लाल आकडा तसाच ठेवून शेजारी नव्या लाल दोऱ्याने साडेएकेचाळीस भरलं होतं. म्हणाली, नव्या पँटीला लावायची आहे, पण आता तुमची तुम्ही लावा, मी तिथून यायची नाही. मी म्हटलं, मला सुई धरता येत नाही. ती म्हणाली, मग मला यावंच लागेल.

ताट संपलं. मी सवयीने भाताच्या पातेल्याकडे हात नेला तर तिने थांबवलं. म्हणाली, पहिलं ताट झालं की वीस मिनिटं थांबायचं, मग ठरवायचं. मी आणि तुम्ही एकाच गल्लीतले, आपल्याकडे बातमी उशिरा येते. तेव्हा आपण बसून वाट बघू या. मी म्हटलं, चालेल.

मग आम्ही बसलो. ती नव्या शहरातल्या खोलीबद्दल बोलली, साहेबांबद्दल बोलली, जुलैपासूनचं एकेक निघत गेलं. तक्त्याबद्दलही बोलली, सगळं, मी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. वीस मिनिटांनी तिने विचारलं, आली का बातमी?

"नाही. तुला?"

"अजून नाही."

पुन्हा बसलो. बायको येऊन म्हणाली, भांडी घासायची आहेत, उठा आता. चिमणी म्हणाली, थांब आई, बाबांची यायची आहे. अर्धा तास झाला, पाऊण झाला. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा मान हलवली. ती म्हणाली, दोन प्रती म्हणजे खरंच फार वेळ लागतो की हो, आणि हाताला हनुवटी टेकून पुढचं सांगायला लागली.

माझी बातमी पहिल्या दहा मिनिटांतच आली होती. मी कोणाला सांगितलं नाही.